ओट्यावरची जोडणी

उकंडरावांच्या कृषी केंद्रात एक कॉम्प्युटर होता, पण तो उकंडरावांचा नव्हता. फोन मात्र उकंडरावांचा होता, आणि दोन हजार एक सालच्या जानेवारीअखेरच्या त्या आठवड्यात तोही त्यांचा राहिला नाही.

कॉम्प्युटर सहदेवचा. अमरावतीहून संगणकाची पदवी घेऊन तो धामणगाव बढ्यात परतला, तेव्हा उकंडरावांनी त्याला खताच्या पोत्यांमागची खोली क्लाससाठी दिली. क्लासात दोन कॉम्प्युटर होते. एक चालणारा, आणि एक क्लास मोठा दिसावा म्हणून ठेवलेला. विद्यार्थी सहा. त्यातले चार चालणाऱ्या कॉम्प्युटरवर शिकत आणि दोघे दुसऱ्यावर. त्या दोघांची तक्रार नव्हती. उलट त्यांच्या हातून आजवर काहीच बिघडलं नव्हतं.

सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडा वर गेला त्याच सुमाराला तिकडे गुजरातेत जमीन हलली. दुपारपर्यंत रेडिओवर कच्छ, कच्छ सुरू झालं. आणि गावात ज्या एका घराला कच्छ हा शब्द आधीपासून माहीत होता, त्या घरातली चूल त्या दिवशी पेटली नाही. उत्तमराव आणि आशाबाईंचा हिंमत तिकडे एका तेलगिरणीत फिटर होता. एकुलता एक. दिवाळीला येऊन गेला तेव्हा त्यानं गिरणीच्या मालकाचा फोन नंबर भिंतीवर कोळशानं लिहून ठेवला होता. तो नंबर उत्तमरावांनी तीन दिवस फिरवला. पलीकडे घंटीसुद्धा वाजत नव्हती. जिथं घंटी वाजायची ती भिंतच उभी आहे की नाही, कोणाला ठाऊक.

सहदेव आणि हिंमत पहिलीपासूनचे जोडीदार. मास्तर एकाला हाक मारत आणि दोघांना मारत.

तिसऱ्या दिवशी अमरावतीच्या एका मित्राचा उकंडरावांकडे फोन आला. गुजरातमधल्या कुठल्याशा कॉलेजच्या पोरांनी इंटरनेटवर एक पान उघडलं होतं. दवाखान्या-दवाखान्यात हिंडून जखमींची नावं लिहायची आणि त्या पानावर चढवायची, असा त्यांचा उद्योग. यादी रोज बदलत होती. सहदेवनं पत्ता हातावर लिहून घेतला आणि धावत जाऊन मोडेम लावला.

पान उघडेना.

म्हणजे उघडायला सुरुवात व्हायची. आधी कॉलेजचं बोधचिन्ह यायचं. मग पडक्या इमारतीचा फोटो, वरून खाली, ओळी-ओळीनं, बाई पडदा शिवते तसा. मग एक पणती. श्रद्धांजलीची. तिची ज्योत हलायची, आणि ज्योत हलायला बारा चित्रं लागत. धामणगावची लाइन चार मिनिटांच्या वर टिकत नसे. नवव्या-दहाव्या चित्राला ती जायची. पुन्हा लावलं की ब्राउझर पुन्हा बोधचिन्हापासून. सहदेवनं त्या दिवशी ती पणती चौदा वेळा पाहिली. तिच्याखाली हजारभर माणसांची नावं होती, आणि ती पणती काही बाजूला होत नव्हती.

"चित्रं बंद कर ना बे," उकंडराव म्हणाले. त्यांना कॉम्प्युटरातलं काही कळत नव्हतं, पण अडथळा कळत होता.

चित्रं बंद केली. तरी यादी अर्ध्यावर यायची, लाइन जायची, आणि पुन्हा पहिल्या नावापासून. अर्ध्यापुढची माणसं तशीच राहायची.

तेव्हा सहदेवनं ब्राउझरचा नाद सोडला आणि स्वतः प्रोग्राम लिहायला बसला. मनात गोष्ट साधी होती. आपल्या प्रोग्रामातून त्या तिकडच्या मशीनकडे सरळ जोडणी उघडायची. चहापाणी नको, पणती नको. म्हणायचं, ती यादी द्या, नुसती अक्षरं. जेवढी अक्षरं पदरात पडतील तेवढी मोजून ठेवायची. लाइन गेली की पुन्हा फोन लावायचा, पुन्हा जोडणी उघडायची आणि म्हणायचं, एवढं मिळालंय, याच्यापुढचं द्या. कॉलेजात हे एकदा शिकवलं होतं. त्या दिवशी सहदेव आणि हिंमत बडनेऱ्याला सिनेमा पाहायला गेले होते. हिंमत त्याला भेटायला आला होता, कॉलेज बुडवायची दुसरी चांगली वेळ नव्हती.

म्हणून जे दोन तासांचं काम होतं, त्याला पूर्ण दिवस लागला. सोमवारी दुपारी प्रोग्राम तिकडच्या मशीनच्या दारात पोचला, आणि त्या मशीननं त्याला आत घेतलं नाही. मनाई, एवढंच उत्तर. सहदेवनं पुस्तक उलटंपालटं केलं तेव्हा कळलं, की दारात गेलेल्यानं आपण कोण ते सांगायचं असतं. ब्राउझर आपलं नाव सांगतो. याचा प्रोग्राम मुक्यानं उभा होता. मग त्यानं त्या जागी लिहिलं: सहदेव, धामणगाव बढे, तालुका मोताळा, जिल्हा बुलडाणा. जिल्हा लिहायची गरज नव्हती. पण परमुलखातलं दार होतं.

मशीननं आत घेतलं.

खिडकीवर एकच बटण ठेवलं होतं. त्यावर आधी त्यानं 'शोध' असं लिहिलं, मग समोर उत्तमराव बसणार हे आठवून ते खोडलं आणि 'विचारा' असं लिहिलं.

आता बटण दाबायचं, तोच उकंडराव दारात आडवे झाले.

"थांब. हे पाह्य सहद्या, तुह्या मशिनीत कोनती खबर येईन ते तुले मालूम नाई, मले मालूम नाई. इथी उन्हाळी भुईमुंगाचं बियानं ठेवेल हाये. मयतीची खबर बियान्यावर पडली त कोंब निंघत नाई."

"भाऊ, खबर तारेतून येते. बियान्यावर कशी पडन?"

"तार कुठून जाते?"

सहदेवनं वर पाहिलं. फोनची तार पोत्यांच्या बरोबर वरून जात होती.

तो काही बोलणार होता. चार वर्षं शिकून आलेल्या माणसानं बोलायलाच हवं होतं. पण बाहेरच्या बाकड्यावर बसलेले उत्तमराव उठून आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "उकंडभाऊ बराबर बोलून राह्यले. मयतीचं कोपरा फाडेल कार्ड आलं त आपन घरात नेतो का? ओट्यावरच वाचतो अन् तठीच फाडून टाकतो. तसंच हे. बाहेर घे, बाप्पा."

ज्याचा पोरगा हरवला आहे तोच म्हणतो म्हटल्यावर वाद संपला. कॉम्प्युटर बाहेर आला. टीव्हीसारखा पडदा उकंडरावांनी स्वतः उचलला, खोकं सहदेवनं, कळफलक उत्तमरावांनी, दोन्ही हातांवर, नैवेद्याचं ताट न्यावं तसा. तार खिडकीतून काढून दुकानाला वळसा घालून आणली, म्हणजे बियाण्याला शिवणार नाही. ती कमी पडली. तेव्हा दोन टोकं जोडून सांध्याला कीटकनाशकाच्या डब्यावरची चिकटपट्टी लावली. वीज नसेल तेव्हासाठी ट्रॅक्टरची बॅटरी आणि इन्व्हर्टर ओट्याखाली ठेवला. उन्हात पडद्यावरचं दिसेना, म्हणून वर तूर झाकायची ताडपत्री बांधली.

रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, दुकानात काही कार्य आहे.

आशाबाई घरून आल्या आणि ओट्याच्या पायरीवर बसल्या. उत्तमरावांनी बटण दाबलं. मोडेम किंचाळला. त्या आवाजाला आशाबाई दचकल्या, पण सहदेव म्हणाला, "काकू, तो नेहमीच तसा रडते. मंग बोलते."

चार मिनिटांनी लाइन गेली. प्रोग्रामनं स्वतःच पुन्हा फोन लावला, पुन्हा जोडणी उघडली, पुढचं मागितलं. सात वेळा. अर्धा-पाऊण तास लागला, पण यादी पहिल्या नावापासून शेवटच्यापर्यंत ओट्यावर उतरली. एक हजार एकशे बारा नावं. प्रोग्रामनं ती वाचली, आणि पडद्यावर एक ओळ आली. ती सहदेवनं मराठीतच लिहून ठेवली होती.

हिंमत: सापडला नाही.

"नाई म्हंजे?" आशाबाईंनी विचारलं.

"म्हंजे या यादीत नाई."

"या यादीत नाई म्हंजे जखमी नाई?"

"जखमी नाई म्हंजे..." सहदेव थांबला. यादीत नसण्याचे दोन अर्थ होते, आणि ते दोन अर्थ एकमेकांचं तोंड पाहत नव्हते.

"म्हंजे पुन्हा इचारायचं," उत्तमराव म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

सोमवार गेला. मंगळवार गेला. दुकान बंद व्हायच्या वेळी सगळ्यावर बारदान टाकायचं, सकाळी काढायचं. यादी बदलत होती. कधी एक हजार दोनशे, कधी एक हजार ऐंशी. नवी नावं येत तशी जुनी जातही होती. जे जात ते घरी जात की कुठं, ते यादी सांगत नव्हती. तिचं काम नव्हतं ते. उकंडरावांकडे भुईमुगाचं बियाणं मागायला गिऱ्हाईक यायचं, ओट्यावर हे पाहायचं, चपला काढून उभं राहायचं आणि बियाणं न घेता जायचं. फोन तर दिवसभर अडकलेला. बुलडाण्याच्या डीलरनं शेवटी माणूस पाठवला, की दुकान चालू आहे का बंद. उकंडरावांनी त्यालाही ओट्यावर बसवून घेतलं.

बुधवारी सकाळी दहावी फेरी चालू असताना आशाबाई एकाएकी म्हणाल्या, "सहदेव, हे तुहं मशीन काय इचारते तिकडं?"

"हिंमतचं नाव पाह्यते, काकू. गाव पाह्यते. बुलडाणा पाह्यते."

"अन् हे नाव तठी कोन लिहून राह्यलं?"

"तिकडची पोरं. पेशंटले इचारतात."

"अन् जो बोलत नसन, त्याचं?"

सहदेवनं मान वर केली.

"बेसुद असन त तो काय सांगन आपलं नाव?" आशाबाई शांतपणे बोलत होत्या, भाजीत मीठ किती हे ठरवावं तशा. "त्याच्या अंगावर काय लिहेल असन, तेच लिहितीन ना ते लोक? आमच्या गावाकडं पुरात एक बाई वाहून आलती. हातावरच्या गोंदनावरून नाव समजलं तिचं."

सहदेवनं हळूहळू शर्टाची उजवी बाही वर दुमडली. कोपराच्या खाली, हिरव्या पडलेल्या शाईत, वाकड्या अक्षरांत लिहिलेलं होतं: हिंमत.

उत्तमरावांनी ते पाहिलं आणि डोळे मिटले.

दोघं अकरा वर्षांचे असताना सैलानीच्या यात्रेत हे झालं होतं. गोंदणाऱ्यानं विचारलं, नाव काय लिहू? हिंमतचं म्हणणं पडलं, की आपलं नाव आपल्याला ठाऊकच असते, ते लिहून काय फायदा? लिहायचं ते विसरायची भीती असेल ते. म्हणून याच्या हातावर त्याचं नाव आणि त्याच्या हातावर याचं. गोंदणारा म्हणाला, पोट्टेहो, घरी मार खासान. घरी मार खाल्ला. दोघांच्या आयांनी पोरं अदलाबदल करायची धमकी दिली, आठवडाभर एकमेकांच्या घरी जेवायलाही पाठवलं. मग गोष्ट जुनी झाली. हात अंगाचाच असतो. त्यावर काय लिहिलंय ते रोज कोण वाचतं?

तीन दिवस सहदेव हिंमतला हिंमत म्हणून शोधत होता. हातावर त्याचं नाव घेऊन.

त्यानं कळफलक ओढला आणि 'विचारा'च्या वरच्या चौकटीत आपलं स्वतःचं नाव लिहिलं. नवी जोडणी उघडायचीही गरज नव्हती. सकाळची यादी ओट्यावर होतीच. बटण दाबल्याबरोबर उत्तर आलं. आडनाव नाही, गाव नाही. सहदेव, पुरुष, अंदाजे पंचवीस, नाव हातावरून घेतलं. राजकोटचा एक दवाखाना. तारखेच्या रकान्यात सत्तावीस जानेवारी.

म्हणजे तो पहिल्यापासून तिथंच होता. प्रोग्राम नऊ वेळा त्याच्या उशापासून पायथ्यापर्यंत जाऊन आला होता आणि सापडला नाही म्हणाला होता.

"काय लिहेल हाये त्याच्यापुढं?" आशाबाई उठून उभ्या राहिल्या.

शेवटचा रकाना प्रकृतीचा होता. सहदेवनं तो वाचला. मग पहिला शब्द मोठ्यानं म्हणाला, "जिवंत."

आशाबाईंनी पदर तोंडावर धरला. क्षणभरच. मग म्हणाल्या, "भाकरी बांधते. जायला लागन," आणि घराच्या वाटेला लागल्या. सहा दिवसांत पहिल्यांदा चूल पेटणार होती.

त्या वळणाआड जाईपर्यंत उत्तमराव थांबले. मग पडद्याजवळ सरकले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं; मोजता येत होतं. काचेवर बोट ठेवून त्यांनी एकेक शब्द मोजला.

"सात हायेत," ते म्हणाले. "तू एकच वाचला."

सहदेव कळफलक सरळ करू लागला.

"बाकीचे सहा वाच."

"काका..."

"वाच ना बे. मी काय पोट्टा हावो का?"

सहदेवनं वाचले. एक बेशुद्धीचा होता. पाच पायाचे. डावा पाय गुडघ्याखाली कापला होता.

उकंडराव आत गेले आणि बियाण्याच्या पोत्यांकडे तोंड करून उभे राहिले. उत्तमरावांचं बोट अजून काचेवरच होतं. बऱ्याच वेळानं त्यांनी ते काढलं, आणि काचेवर उमटलेला डाग धोतराच्या सोग्यानं पुसला.

"हा आपलाच कशावरून?" त्यांनी विचारलं. "सहदेव नावाचे लोक तिकडंही असतीन."

"असतीन."

"मंग हिच्यापाशी बोलू नको. जिवंत हाये, तेवढंच सांग. मी जाऊन पाह्यतो. आपला नसला त दुसऱ्याच्या पायासाठी काऊन रडवायचं तिले?"

पानावर दवाखान्याचा नंबरही होता. तो लागता लागला नाही. दुपारी उकंडरावांनी जीप काढली आणि उत्तमरावांना मलकापूरच्या स्टेशनावर सोडलं. सहदेव सोबत निघाला होता. उत्तमरावांनीच त्याला मागं ठेवलं.

"तू इथीच थांब. हे इचारत राह्य. मी पोचेपर्यंत त्याले वाटलं पाह्यजे का कोनीतरी इचारून राह्यलं."

त्याला ते कसं वाटणार, हे सहदेवनं विचारलं नाही. प्रोग्राम दर तासाला फेरी करू लागला. फोन लावायचा, जोडणी उघडायची, नाव-गाव-तालुका सांगायचा, यादी मागायची, सहदेव आहे का म्हणून पाहायचं. आणि सहदेव होता. हजारभर नावांत कधी पाचशेव्या जागी, कधी सहाशेव्या. आशाबाई पायरीवर बसून तांदूळ निवडत. गावात कोणाचेही असोत, त्या दोन दिवसांत सगळ्यांचे तांदूळ त्यांनी निवडले.

"हाये का?"

"हाये, काकू."

"काय हाये?"

"जिवंत."

"बरं."

गुरुवारी दुपारी ते पानच गेलं. जोडणी उघडायची, पण पलीकडून उत्तर यायचं, की असं पान इथं नाही. "पान नाई म्हंजे? गाव उठून गेलं का तिकडचं?" उकंडराव ओरडले, आणि कोणीच हसलं नाही. चार तासांनी पान परत आलं. पणती काढून टाकली होती. तिकडच्या पोरांनाही बहुधा कुणीतरी सांगितलं असावं.

त्या चार तासांत आशाबाईंनी एकदाही विचारलं नाही. तांदळातला एक खडा मात्र त्यांनी बोटांत धरून ठेवला होता, तो पान परत आल्यावर टाकला.

शुक्रवारी सकाळी साडेनऊची फेरी संपली आणि पडद्यावर आलं:

सहदेव: सापडला नाही.

सहदेवनं ती ओळ वाचली. मग आपलंच नाव असल्यासारखी पुन्हा वाचली. खाली एकूण नावं एक हजार एक्केचाळीस. काल एक हजार त्रेपन्न होती. बारा गेली होती. त्या बारांत एक तो असावा.

यादीतून जायच्या वाटा त्याला आता पाठ होत्या. बरा होऊन घरी. पण पाय कापलेला माणूस सात दिवसांत घरी जात नाही. दुसऱ्या दवाखान्यात, पण मग त्या दवाखान्याच्या नावाखाली यायला हवा. आणि तिसरी. यादीच्या खाली पोरांनी कालपासून एक वेगळी यादी लावली होती. तिचा दुवा काळ्या रंगात होता. तो सहदेवनं आजवर दाबला नव्हता. प्रोग्रामालाही तिकडे जायला शिकवलं नव्हतं.

"हाये का?" पायरीवरून आवाज आला.

सहदेवनं उजवा हात काळ्या दुव्याचा पत्ता लिहायला उचलला, तशी बाही वर सरकली. त्यानं हाताकडे पाहिलं.

राजकोटला आतापर्यंत उत्तमराव पोचलेले असणार. आणि उत्तमरावांनी खाटेजवळ जाऊन पहिली गोष्ट काय केली असेल? यादी लिहिणाऱ्या पोराला सांगितलं असेल, नाव चुकलंय.

त्यानं चौकटीतलं आपलं नाव खोडलं. 'हिंमत' लिहिलं. बटण दाबलं.

हिंमत उत्तमराव, धामणगाव बढे, तालुका मोताळा, जिल्हा बुलडाणा. पुरुष, पंचवीस. आता 'अंदाजे' नव्हतं.

"हाये," सहदेव म्हणाला. "हाये काकू. आपलाच हाये. काका पोचले."

आशाबाई उठल्या नाहीत. सूप बाजूला ठेवलं. आतून उकंडराव धावत आले आणि दारातच थांबले. पायरीवर बसल्या बसल्या आशाबाईंनी पदर सारखा केला, एखाद्या वडीलधाऱ्यासमोर बसावं तशा ताठ झाल्या आणि म्हणाल्या, "आता सगळं वाच."

"काय सगळं?"

"जे दोन दिवस वाचलं नाई ते. जवापासून सापडला तवापासून तू माह्या तोंडाकडं पाहून बोलून नाई राह्यला. माह्या पायांकडं पाहून बोलतं."

सहदेवनं मान वर केली. या वेळी तोंडाकडे पाहिलं. मग पडद्याकडे वळला आणि एकही शब्द न गाळता, जसे होते त्याच क्रमानं, मराठी करून वाचले. "शुद्धीवर. डावा पाय गुडघ्याखाली कापला. ताप नाही. वडील सोबत आहेत."

आशाबाईंनी आपला डावा गुडघा दोन्ही हातांनी धरला होता. रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. गाडीवान राम राम म्हणाला. त्यांनी मान हलवली.

"गुडघा हाये ना?" त्यांनी विचारलं.

"गुडघा हाये. त्याच्या खालून."

"बरं." त्या हिशेब लावत होत्या, कसला, ते चेहऱ्यावरून कळत नव्हतं. "अन् शेवटचं कोनं लिहिलं? वडील सोबत?"

"तिकडच्या एखाद्या पोरानं."

"कोनाचा असन?"

"मालूम नाई, काकू."

"त्याच्या मायनं हे वाचलं असतं त बरं वाटलं असतं तिले," आशाबाई म्हणाल्या. आणि मग त्या रडल्या, पहिल्यांदा, मोठ्यानं, ओट्यावर, भर रस्त्यात. उकंडराव बाहेर येऊन त्यांच्याजवळ खाली बसले आणि काय करावं न सुचून सुपातले तांदूळ निवडू लागले, निवडलेलेच.

मोडेम किंचाळला. ठरल्याप्रमाणे प्रोग्राम पुढच्या फेरीला निघाला होता. सहदेव तो थांबवायला पुढं झाला, तशा आशाबाईंनी पदरातून हात वर केला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "इचारू दे त्याले. अन् शेवटचं तेवढं पुन्हा वाचून दाखव."